भोंगा आणि जांभळं टोपण

कासिमिरोला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आमच्या गल्लीत एकच माणूस आहे, ते म्हणजे चर्चमधले फादर. बाकी सगळे त्याला बोसीना म्हणतात. बोसीना म्हणजे भोंगा. अडतीस वर्षं हा माणूस सान्तो दोमिंगो ते इग्वेई जाणाऱ्या ग्वाग्वाच्या, म्हणजे आमच्याकडच्या बसच्या, दारात लटकून ओरडत आला. "इग्वेई, इग्वेई, इग्वेई! चढा बाई, चढा, मागं सगळी बस रिकामी आहे!" मागं कोंबडीला उभं राहायला जागा नसायची, पण त्याच्या आवाजात असं काही होतं की माणूस चढायचाच. बस सुटल्यावर शिव्या घालायचा, ती गोष्ट वेगळी.

काम सुटलं तरी आवाज काही सुटला नाही. सकाळी सहाला तो शेजारणीला कॉफी झाली का विचारायचा आणि उत्तर तीन गल्ल्यांतून यायचं. डॉमिनोज खेळताना सोंगटी आपटायचा तर टेबलावरचे पेले उडायचे. बायको गेली तेव्हा महिनाभर गप्प होता, तेवढाच काय तो आम्हाला आराम. मग आरामाचाच कंटाळा आला आणि त्याला ओढून खेळायला आणला.

आणि अशा माणसाच्या घरात देवानं पाठवली रेनी. जिला आवाजच नाही.

पूर्ण नाव माइरेनी. कासिमिरोच्या मुलीची, युदेल्काची, एकुलती एक पोर. सहाव्या महिन्यातच बाहेर आली. आमच्यातल्या एकीनं इस्पितळात काचेतून बघितलं आणि घरी येऊन नुसती खुर्चीत बसून राहिली. विचारलं तर म्हणाली, "तळहाताएवढी आहे गं. नखंसुद्धा आली नाहीत." सात महिने ती त्या इस्पितळात होती. श्वासासाठी घशात नळी घालून घालून आतला रस्ता आवळला, म्हणून मग गळ्याला खालच्या बाजूला भोक पाडून तिथूनच नळी बसवली. श्वास तिथून आत, तिथूनच बाहेर. वर तोंडाकडे वारा जाणारच नाही, तर आवाज कुठून येणार? रडायची तेव्हा चेहरा लाल व्हायचा, तोंड उघडायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि आवाज शून्य. ते बघणाऱ्यालाच हुंदका फुटायचा.

युदेल्का किनाऱ्यावरच्या हॉटेलात खोल्या आवरायचं काम करते. पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी. म्हणजे पोर सांभाळायची कुणी? भोंग्यानं. ज्या माणसानं स्वतःच्या मुलीचा लंगोट कधी बदलला नव्हता, तो साठाव्या वर्षी नळीतून कफ ओढायला शिकला. हात धुवायचा, हातमोजे घालायचा, मशीन चालू करायचा, बारीक नळी आत, मोजून पाच आकडे, बाहेर. लाईट गेली तर पायानं दाबायचा पंप. आमच्याकडे लाईट जाते कधी असं विचारू नका, येते कधी ते विचारा. लाईट आली की अख्खी गल्ली ओरडते, "आलीऽऽ!" रेनीही दारात बसून तोंड वासायची, मोठ्ठं, सगळ्यांच्या बरोबर. कासिमिरो तिच्या वाटचं दुप्पट ओरडायचा.

मशीनचेसुद्धा आभार मानायचा तो. काम झालं की त्याच्या डोक्यावर थोपटून म्हणायचा, "शाब्बास, म्हाताऱ्या. आज पण वाचवलंस." आम्ही हसायचो. पण ते मशीन बंद पडलं असतं तर काय झालं असतं ते आम्हालाही ठाऊक होतं.

दीड वर्षाची झाल्यावर रेनी शहरातल्या एका पुनर्वसन केंद्रात जायला लागली. सकाळी आठ ते दुपारी चार. तिच्यासारखीच नाजूक जिवाची बारा पोरं तिथं, कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या पोटात, कुणाच्या गळ्यात. नर्स सतत पोरांमागं, एका खोलीत हातपाय चालवून घेणारे, दुसऱ्यात गिळायला शिकवणारे. पहिल्या दिवशी कासिमिरोनं दारात सुनावलं होतं, "माझ्या पोरीला जरा जरी काही झालं ना, तर हे दार उपटून घरी नेईन." सहा महिन्यांनी तोच माणूस त्याच दारातून आंब्यांची पाटी घेऊन आत शिरत होता. कारण रेनी बसायला लागली होती. आधाराशिवाय! मग अडीच वर्षांची झाली तेव्हा उभी राहिली. तीनला चाकांची चौकट धरून चालायला लागली, आणि पोटातल्या नळीवर जगणाऱ्या त्या पोरीनं एक दिवस मांगूचे दोन चमचे तोंडानं खाल्ले. उकडून कुस्करलेली हिरवी केळी ती, त्यात काय मोठं? कासिमिरोनं मात्र त्या दिवशी दुकानातल्या सगळ्यांना थंड बिअर पाजली आणि त्या दोन चमच्यांची गोष्ट सात वेळा सांगितली. आम्ही सात वेळा ऐकली. कुणी कुरकुरलं नाही.

मग आली नोएमी आणि तिचं जांभळं टोपण.

नोएमी केंद्रात बोलायला शिकवणारी. उत्तरेकडच्या डोंगरातली, वय अठ्ठावीसेक, आणि तिकडच्या लोकांसारखी 'र' च्या जागी 'य' म्हणणारी. कासिमिरोला पहिल्याच दिवशी चेव आला.

"काय हो बाई, तुम्ही स्वतःच 'र' गिळता आणि माझ्या नातीला बोलायला शिकवणार?"

"आजोबा," नोएमी म्हणाली, "तुमच्याकडे 'र' भरपूर आहेत. तिला तुम्हीच द्या. मी बाकीची अक्षरं बघते."

तेव्हापासून दोघांचं जमलं.

ते टोपण म्हणजे बोटाच्या पेराएवढी वस्तू. गळ्यातल्या नळीच्या तोंडावर बसवली की वारा आत येतो, पण त्या वाटेनं बाहेर जात नाही. मग त्याला वर घशातून, तोंडातून जावं लागतं. तसा गेला तर आवाज. टोपणाच्या आधी नोएमीनं कितीतरी महिने नुसत्या बोटावर काम केलं. हातमोजा घालून नळीच्या तोंडावर क्षणभर बोट ठेवायची आणि म्हणायची, "बोट ठेवलं, आता आवाज काढ." रेनीला तो खेळ इतका आवडला की ती सगळ्यांच्या गळ्यावर बोट ठेवायला लागली. तिच्या बाहुलीच्या गळ्याला नर्सनी नळीचा तुकडा चिकटवून दिला होता, तिच्यावर ठेवायची. गल्लीतल्या कुत्र्याच्या गळ्यावर ठेवायची. कुत्रं भुंकलं की अशी खूश, जणू तिनंच भुंकवलं. सगळ्यांना तिथं भोक असतं असंच तिला वाटायचं.

टोपण पहिल्यांदा लावलं तेव्हा दोन मिनिटांत खोकून उडवलं. मग पाच मिनिटं टिकलं, मग अर्धा तास. पावणेचार वर्षांची झाली तेव्हा तीन तास ते गळ्यात राहायचं. वारा वर जात होता. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, स्वरतंतू हलत होते. सगळं जागच्या जागी. फक्त आवाज नव्हता. चार वर्षांत त्या पोरीनं स्वतःचा आवाज एकदाही ऐकला नव्हता, आपल्याकडे तो आहे हे तिला माहीतच नव्हतं.

"फुटला तर पुढं रस्ता मोकळा होईल," नोएमी म्हणाली. "मग नळी काढायचं बोलणं सुरू करता येईल. पण फुटला पाहिजे. आणि तो मला काढता येत नाही. तिला गरज वाटली पाहिजे."

एका सकाळी केंद्राच्या दारात नोएमीनं एक प्रकार बघितला. आमच्याकडे लहानानं मोठ्याला भेटताना आणि निघताना आशीर्वाद मागायचा असतो. 'बेंदिसियोन' म्हणायचं. एवढं लांब कोण म्हणतो, सगळे नुसतं 'सियोन' म्हणतात. आणि मोठ्यानं म्हणायचं, देव तुझं भलं करो. मागितल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि मागितल्यावर दिल्याशिवाय राहायचं नाही. तर कासिमिरो रेनीला केंद्रात सोडताना काय करायचा? आधी नाकातून बारीक आवाज काढायचा, "सियोन, पापाऽ!" आणि मग आपल्या भोंग्यानं, "देव तुझं भलं करो, माझे राणी!" दोन्ही भूमिका स्वतःच. रोज. केंद्राच्या पहिल्या दिवसापासून.

नोएमीनं हात कमरेवर ठेवले. "आजोबा, मागणारे तुम्हीच आणि देणारे तुम्हीच? मग तिनं काय करायचं?"

"तिला बोलता येत नाही बाई. विसरलात का?"

"तुम्ही बोलूच देत नाही. तिला सगळं न मागता मिळतं. उद्यापासून बंद. टोपण लावायचं, तिच्याकडे बघायचं, मनात दहा मोजायचे, आणि थांबायचं. तिनं मागितलं तर द्या. नाही मागितलं तर निघा."

कासिमिरोचा चेहरा पडला. "न देता निघू?"

"हो."

"पोरीला आशीर्वादाशिवाय ठेवून जाऊ? तुम्हाला आई नव्हती का हो कधी?"

"आहे. ती पण असंच करायला सांगेल."

तो बडबडत घरी आला. आम्हाला वाटलं, नेहमीचाच तमाशा. पण संध्याकाळी डॉमिनोज खेळताना त्यानं सोंगटी हळूच ठेवली, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्याच्या मनात काय सलत होतं ते आम्हाला नंतर कळलं. आता सांगायला हरकत नाही.

चार वर्षांपूर्वी युदेल्का पोटुशी होती आणि पोरीचा बाप परागंदा झाला होता. कासिमिरोनं तिला नको नको ते सुनावलं. तोंडाचा पट्टा सुटला की त्याला अडवणार कोण? युदेल्कानं पिशवी भरली, मैत्रिणीकडे राहायला निघाली. तरी दारात थांबली. रागात होती, रडत होती, पण थांबली आणि म्हणाली, "सियोन, पापा." कासिमिरो बेसबॉलची मॅच ऐकत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि रेडिओचा आवाज मोठा केला.

नवव्या दिवशी रेनी जन्मली, तळहाताएवढी.

डॉक्टरांनी सांगितलं की आत संसर्ग झाला होता, कुणाचा दोष नाही. कासिमिरोनं ते ऐकून घेतलं. पटलं नाही. युदेल्का पोरीसाठी घरी परत आली, बाप-लेक एका ताटात जेवले, एका मशीनवर आळीपाळीनं जागले. पण तिनं तो शब्द पुन्हा काढला नाही. निघताना नुसतं, "येते." आणि तो म्हणायचा, "ये." म्हणून तो नातीला न मागताच रोज देत होता. जे एकदा दिलं नाही ते फेडत होता म्हणा ना. आणि आता ही डोंगरातली पोरगी सांगते, देऊ नका!

तरी त्यानं ऐकलं. त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. रोज सकाळी दारात टोपण लावायचा, रेनीसमोर बसायचा आणि दहा मोजायचा. रेनी बघायची. भुवया वर करायची. पाच वाजले तरी चालतील असं तोंड करून तो नेहमीचा आवाज कधी काढतो याची वाट बघायची. दहा झाले की तो उठायचा आणि पाठ फिरवून चालायला लागायचा, फाटकापाशी थांबून डोळे पुसायचा. पहारेकरी म्हणायचा, "बोसीना, काय झालं?" तो म्हणायचा, "धूळ."

चौथ्या दिवशी त्यानं नोएमीला गाठलं. "झोपेत दिलेला चालेल का?"

"काय?"

"दुपारी जेवून झोपतात ना पोरं. तेव्हा मी येऊन हळूच दिला तर? तिला कळणार नाही. देवाला कळेल."

नोएमीनं हसू दाबलं. "चालेल. पण हळू. तुमचं हळू म्हणजे माझं ओरडणं असतं."

मग काय, भर उन्हात दोन बस बदलून हा माणूस रोज दुपारी दीडला केंद्रात. बारा पोरं पंख्याखाली झोपलेली, आणि हा रेनीच्या खाटेशी वाकून नुसते ओठ हलवतोय. आयुष्यात पहिल्यांदा कासिमिरो कुजबुजायला शिकला. नर्स म्हणायच्या, "रेनीला नाही, पण आजोबाला चांगलाच फरक पडलाय."

दुसऱ्या आठवड्यात रेनीला ताप भरला. कफ घट्ट झाला, छाती वाजायला लागली, इस्पितळात न्यावं लागलं. टोपण काढून डबीत ठेवलं. कासिमिरो रुग्णवाहिकेत तिचा हात धरून बसला आणि सगळे नियम विसरला. "सियोन पापा, देव तुझं भलं करो, सियोन पापा, देव तुझं भलं करो," असं अख्ख्या रस्त्यानं. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "सायरन लावायची गरजच नाही." चार दिवसांनी ताप उतरला. परत केंद्रात आला तो गुन्हेगारासारखा, मान खाली घालून.

"बाई, मी मोडलं. ताप होता म्हणून दिला. मोजून शंभर वेळा दिला असेल."

"आजारपणात सगळं माफ," नोएमी म्हणाली. "ती वाचली हे बघा. पुन्हा सुरू करू."

पुन्हा सुरू केलं. आणखी दोन आठवडे गेले. काही नाही. टोपण लावलेलं, वारा वर जातोय, दहा आकडे, आणि पोर नुसती बघतेय. एके दुपारी नोएमी त्याला अंगणातल्या बदामाखाली घेऊन बसली.

"आजोबा, मला एक सांगा. घरात तुमच्याकडे आशीर्वाद मागतं कोण?"

"कोण मागणार? मी आणि ती, दोघंच."

"तिची आई येते तेव्हा?"

कासिमिरोनं खिशातून रुमाल काढला, घडी घातली, परत ठेवला.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मी विचारतेय कारण पोरं ऐकून शिकतात. तिनं हा शब्द ऐकलाय तो फक्त तुमच्या नाकातून, नाटकात. खरंच कुणी मागतं आणि खरंच कुणी देतं, हे तिनं कधी बघितलंय का?"

तेव्हा त्यानं सांगितलं. रेडिओचं, पिशवीचं, नवव्या दिवसाचं. चार वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही अशा पोरीला जिला 'र' म्हणता येत नाही. नोएमीनं उपदेश केला नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे टोपण आधी तुम्हाला बसवायला पाहिजे."

त्या शनिवारी युदेल्का आली. शनिवार गेला. रविवारची सकाळ गेली. जेवणं झाली. दोनची बस होती. कासिमिरो स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून स्वयंपाकघरात. रेनी फरशीवर बाहुली घेऊन बसलेली, गळ्याला जांभळं टोपण. युदेल्कानं पोरीचे पापे घेतले, पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी गेली. आम्ही समोरच्या ओट्यावर शेंगा सोलत होतो, आणि त्यांचं दार उघडं होतं. कान झाकून घेणार होतो की काय?

"येते," ती म्हणाली.

"थांब." त्याचा आवाज भलताच चढला. मग त्यानं तो खाली आणला. "युदेल्का. मागशील का?"

"काय मागू?"

"ते. जे मागतात ते."

ती वळली. "चार वर्षांनी आठवलं?"

"विसरलो कधी होतो? एक दिवस विसरलो नाही. मी तेव्हा... तू दारात होतीस, हीच पिशवी होती, आणि मी रेडिओ मोठा केला. माझं चुकलं, पोरी. लई चुकलं. त्याचं फळ तुला आणि तिला भोगावं लागलं."

"पापा, डॉक्टर म्हणाले होते ना..."

"डॉक्टर म्हणाले. मी मानलं नाही. मला माफ कर."

युदेल्कानं पिशवी खाली ठेवली. पण बापाचीच मुलगी, जीभ कुठं जाणार? "त्या दिवशी जिंकली तरी का तुमची टीम?"

"हरली," कासिमिरो म्हणाला. "नऊ-एक."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मग तिनं डोळे पुसले, सरळ उभी राहिली, आणि लहान असताना म्हणायची तसं म्हणाली, "सियोन, पापा."

आणि भोंगा अडकला. तोंड उघडलं, ओठ हलले, पण आवाज काही केल्या येईना. इग्वेईपर्यंत ऐकू जाणारा तो आवाज, नेमका आताच दगा द्यायचा होता! तो खाली टेकला, फरशीवरच. आमच्या हातातल्या शेंगा हातात राहिल्या.

रेनी बघत होती. आईनं काहीतरी मागितलं, आजोबाचं तोंड उघडलं आणि आवाज येत नाही. हे तिला चांगलंच माहीत होतं, हा तर तिचाच आजार. तिनं बाहुली टाकली, चौकट धरली, चाकं कुरकुरत चार पावलं आली. एका हातानं चौकट धरून दुसऱ्या हाताचं बोट तिनं त्याच्या गळ्यावर ठेवलं. बरोबर तिथं, जिथं तिचं टोपण होतं. दाबलं. आणि नोएमी तिच्याकडे बघायची तशी, भुवया वर करून, त्याच्याकडे बघत थांबली.

"देव..." कासिमिरोचा घसा साफ झाला. "देव तुझं भलं करो, माझे पोरी. देव तुझं खूप भलं करो."

रेनीनं बोट काढलं. जमलं, हे तिनं बघितलं. मग आईकडे बघितलं, मग आजोबाकडे. तिनं छाती फुगवली. आणि एक आवाज आला, घोगरा, फाटका, बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखा.

"...योन."

त्या आवाजानं ती स्वतःच दचकली. मागं वळून बघायला लागली, कुणी बोललं म्हणून.

"तूच!" युदेल्का किंचाळली. "तूच बोललीस, माझे आई!"

"योन," रेनी पुन्हा म्हणाली. या वेळी आजोबाकडे बघून, आणि थांबली. आता मात्र तिला मिळायला हवं होतं. कासिमिरोनं दिलं. तिनं पुन्हा मागितलं. त्यानं पुन्हा दिलं. किती वेळा ते आम्ही मोजलं नाही, आम्हीच रडत होतो. शेंगा सगळ्या ओट्यावर सांडल्या. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना बसमध्ये कोंबलं, त्यानं त्या दिवशी स्वतःच्या मुलीची बस चुकवली आणि चारची मिळेल म्हणून तिला परत कॉफी करायला बसवलं.

सोमवारी सकाळी तो केंद्रावर गेला तो जड पाटी घेऊन. आंबे होते, कसावाच्या कंदाची भाकरी होती, युदेल्कानं हॉटेलातल्या स्वयंपाक्याकडून शिकून केलेला नारळाचा गोड पदार्थ होता. वाटेत बसमध्ये त्यानं भाषण तयार केलं होतं. आम्हाला नंतर त्यातलं थोडं ऐकवलं त्यानं: नोएमीबाई, तुमचे उपकार मी सात जन्म फेडू शकणार नाही, तुम्ही, त्या नर्स, तो पहारेकरी, ते दुर्बीणवाले डॉक्टर, तुम्हा सगळ्यांना देवानं... असं बरंच होतं. चांगलं होतं.

म्हणायची वेळच आली नाही. रेनीनं फाटकातच पहारेकऱ्याकडे मागितलं, "योन!" तो गडबडीनं टोपी काढून आशीर्वाद देऊन मोकळा झाला. मग फरशी पुसणारीकडे मागितला. मग दोन नर्सकडे. फाटकात मागं बाकीच्या आईबापांची रांग लागली. कुणी पुढं ढकललं नाही.

मग आतून धावत नोएमी आली. रेनीनं चौकट थांबवली, तिच्याकडे वर बघितलं आणि म्हणाली, "योन."

नोएमी अठ्ठावीस वर्षांची. घरात सगळ्यांत धाकटी. जन्मभर सगळ्यांकडे मागत आलेली, तिच्याकडे अजून कुणी कधी आशीर्वाद मागितला नव्हता. हात तोंडावर ठेवून ती नुसती उभी राहिली. काय म्हणायचं असतं, ते जगातल्या प्रत्येकाला माहीत असलेलं वाक्य, तिला आठवेना.

कासिमिरोच्या अगदी ओठांवर आलं होतं ते. सगळ्यांना वाटलं, आता हा ओरडून सांगणार. पण त्यानं पाटी खाली ठेवली, तोंड मिटलं, आणि मनात मोजायला लागला. एक. दोन. तीन.

सातवर तिला सापडलं.